मी पुसलेला गाल

मी बोलतेय, बारकी. नाव फोटोवाल्यानं ठेवलं. बारा केसांची, टाचणीसारख्या टोकाची कुंचली मी. मला दुसरं काय म्हणणार? मला अक्षर येत नाही. अक्षरं काढणाऱ्या कुंचल्या जाडजूड असतात, दुकानाच्या पाट्या रंगवतात, त्यांचा तोरा वेगळा. माझी शाळा म्हणजे माणसांची तोंडं. पण एकदा पाहिलेलं तोंड मी विसरत नाही, आणि जे माझ्या हातून पुसलं गेलं ते तर मुळीच नाही.

मी मूळची खारीच्या शेपटीतली. उपटलं तेव्हा खार जिवंत होती की मेलेली, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. कुंचल्या बांधणाऱ्या बाईनं बारा केस मोजले, दोऱ्यानं करकचून आवळले, पितळेच्या नळीत बसवले आणि मागून लाकडी दांडी ठोकली. मग मला तोंडात घालून ओठांनी टोक काढलं. "ही बरी निघाली," म्हणाली, आणि डब्यात टाकली. एवढंच माझं बारसं.

फोटोवाल्याचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं, न्हाव्याच्या दुकानाला अगदी लागून. बाहेरच्या खोलीत आरसा, दोरीला बांधलेला कंगवा आणि गिऱ्हाइकांसाठी पावडरचा डबा. आतल्या खोलीत कॅमेरा, स्टूल, मागे करडा पडदा. त्याच्याही मागे अंधारी खोली. आणि खिडकीपाशी उतरतं टेबल, त्याला मधोमध काच, खालून उजेड. तिथे मी राहायचे.

आता माझं काम काय, ते ऐका. निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं बरं का. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे फिका, रिकामा दिसतो. त्या रिकाम्या जागेत मी पातळ लाल रंगाचा हात द्यायचे. एक हात, वाळू द्यायचा, मग दुसरा. असे पाच-सहा झाले आणि फोटो कागदावर छापला की डाग गेलेला. कुठे होता ते डाग वागवणाऱ्यालाही सापडायचं नाही.

माणसांची हौस मी जवळून पाहिली. खाटकाची बायको म्हणाली होती, "हनुवटीवरचा मस काढा हं, पण तीळ राहू द्या."

"बाई, दोघं शेजारी-शेजारी आहेत."

"मग जपून काढा. पैसे कशाचे घेता?"

म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या मी काढल्या, तरुणांची मुरमं काढली. मेलेल्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांवर उघडे डोळे काढले, तेही माझ्याच टोकानं. खोटं बोलत होते का मी? तेव्हा वाटायचं, उपकार करतेय.

फोटोवाल्याला मुलगी झाली ती डाव्या गालावर खूण घेऊन. डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत, दौत लवंडावी तशी. सुईण म्हणाली, "निघेल हळूहळू." निघाली नाही, पोर वाढली तशी तीही वाढली. रस्त्यावरची पोरं तिला 'शाई' म्हणायची. घरात आई ठकी म्हणायची, तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

दर वाढदिवसाला फोटोवाला तिचा फोटो काढायचा. बाकीच्यांच्या तोंडाला पाव तास, ठकीच्या गालाला तीन-तीन दिवस. माझं टोक ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा आणि श्वास रोखून गाल भरायचा. असे नऊ फोटो भिंतीवर लागले. नऊ फ्रॉक आणि नऊ निर्मळ गाल.

तो वाईट नव्हता हो. लेकीवर जीव टाकायचा. पण रस्त्यानं चालताना कायम तिच्या उजव्या बाजूला असायचा. पापा घ्यायचा तोही उजव्याच गालाचा. मी खिडकीत बसून हे मोजत होते; त्याला स्वतःला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

एकदा न्हावी उधारीवर फोटो मागायला आला, तर ठकी भिंतीपुढे उभी.

"काय गं, काय बघतेस एवढं?"

"तिला माझा फ्रॉक बरा दिसतो," ठकी म्हणाली.

न्हावी पोट धरून हसला. आत भाजी निवडणारी तिची आई हसली नाही. रात्रीची भांडी होईपर्यंत ती थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "तिचा एक फोटो तसाच काढा की."

"मोठी होऊन बघेल तेव्हा बरं वाटेल तिला."

"आज काय वाटतं ते विचारलंत का कधी?"

"तुला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. विषय संपला.

मग लढाई आली. आधी ती दुकानात वर्दी घालून आली. मिसरूडही न फुटलेली पोरं स्टुलावर बसायची, टोपी तिरकी करून. फोटो काढायची आणि जायची. दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या आया यायच्या: "तोच फोटो मोठा करून द्या." एक आई म्हणाली, "वर्दी पुसा. माझ्या लेकाला शर्ट घाला." मी घातला. पांढरा, बटणांचा. एक बटण उघडं ठेवलं, कारण ती म्हणाली त्याला गळ्याशी आवळलेलं चालायचं नाही.

पुढे लढाईच गावात आली. दुकानाची काच गेली, शाळा बंद झाली, न्हाव्याची अर्धी भिंत त्याच्या खुर्चीवर बसली. ठकीला तेव्हा नववं सरलं होतं आणि घरात तान्हा भाऊ होता. त्या भावाला खेळणं कसलंच नव्हतं. ताईची खूण तेवढी होती. मांडीवर घेतलं की हात नेमका तिथे. थापट्या मारायचा, बोटांनी उकरायचा, आणि खदखदून हसायचा.

जीव वाचवायचा तर पूल ओलांडायचा. पुलापलीकडे लढाई नव्हती. पण पुलावर नाका होता, आणि नाक्याला प्रत्येकाचा फोटो लावलेला कागद लागायचा. अख्खं गाव फोटोवाल्याच्या दारात उभं राहिलं. पुसायला कुणाला वेळ होता? मस, मुरमं, सुरकुत्या, जसे होते तसे गेले. खाटकाची बायको तेवढ्यातही कुरकुरली, "मेलं, मरायच्या वेळी तरी चांगलं दिसू द्याल की नाही?"

त्या गर्दीत न्हावी बातमी घेऊन आला. "माझ्या साडूला नाक्यावरून परत पाठवलं म्हणे. हाताला खरूज होती. कातडीचं काही दिसलं की साथ समजून परत लावतात."

"परत म्हणजे कुठे?"

"परतीचा ट्रक असतो. पुरुष सरळ आघाडीवर. बायकापोरं शाळेच्या इमारतीत."

त्या इमारतीवर परवाच बॉम्ब पडला होता. फोटोवाल्याची नजर आत गेली. आत ठकी भावाला खेळवत होती.

बायकोनं ओळखलं. म्हणाली, "हे बघा, हा कागदावरचा फोटो आहे, भिंतीवरचा नाही. पोर आहे तशी लावा."

"आणि परत लावलं तर? चौघांना?"

याचं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

ठकी स्टुलावर बसली. कॅमेऱ्यापुढे बसली की ती आपोआप डावी बाजू चोरायची. त्या दिवशी सरळ बसली. "बाबा," म्हणाली, "या वेळी मला लावा हं."

"हो गं," तो म्हणाला. पाठमोरा होता तेव्हा.

दुपारभर मी त्या गालावर फिरले. इतकं सफाईचं काम मी जन्मात केलं नव्हतं. हात त्याचा होता म्हणून मी सुटत नाही. टोक माझं होतं.

निघताना त्यानं कॅमेरा सोडला. तीस वर्षांचा कॅमेरा, जड होता. मला घेतलं, कारण मी खिशात मावत होते. सोबत तोंडाला लावायची अंगाच्या रंगाची वडी आणि पावडरचा डबा. फोटोत डाग नाही, तर गालावरही दिसता कामा नये, असा त्याचा हिशेब. फोटोवाल्याशिवाय हे दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं असतं का सांगा! लोक तोंडासारखा फोटो काढतात. यानं फोटोसारखं तोंड काढायला घेतलं.

दोन दिवस चालून ती माणसं पुलापाशी पोचली. सकाळी एका पडक्या भिंतीआड त्यानं ठकीला दगडावर बसवलं. रंग बोटांनी थापला आणि कडा माझ्याकडून मिळवून घेतल्या. ठकीच्या खऱ्या गालाला मी पहिल्यांदा लागले. ऊन होता तो, बारीक लव होती त्यावर. निगेटिव्ह गप पडून असतं, गाल हलतो.

"गार लागतंय," ती म्हणाली.

"बोलू नकोस, भेगा पडतात. हसू नकोस. रडायचं तर अजिबात नाही."

"शिंक आली तर?"

"ठकी!"

आईनं तान्ह्याला तिच्याकडे दिलं, तर त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. ताईच ओळखू येईना त्याला. हात पाय झाडून आईकडे परत गेला. ठकीच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण तिनं ते खाली पडू दिलं नाही. बापानं सांगितलं होतं ना.

रांग मोठी होती आणि ऊन डोक्यावर. त्यांच्या पुढे एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन उभा होता. त्या पोराचं डोकं, मान, सगळं खपल्यांनी भरलेलं. टेबलापाशी त्यांची पाळी आली. नाक्यावरच्या साहेबानं फोटो पाहिला, फोटोतही खपल्या. पोराकडे पाहिलं, शिक्का मारला. "पुढे चला."

फोटोवाल्यानं खिशावर हात घट्ट दाबला. खिशात होते ना मी, मला कळलं. न्हाव्याची बातमी खोटी होती. साडूला कशासाठी परत लावलं, कोण जाणे. आता गाल धुवावा तर फोटो निर्मळ. रंग तसाच ठेवावा तर घाम सुटलेला. मागे वळावं तर मागे ट्रक उभा.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. पुढे हो."

साहेब दुष्ट नव्हता बरं. सर्दीनं बेजार होता आणि त्याला जेवायला जायचं होतं. बापाचा कागद पाहिला, शिक्का. आईचा पाहिला, शिक्का. तेवढ्यात आईच्या कडेवरचा तान्हा वाकला आणि त्यानं ताईचा गाल पकडला. नेहमीच्या जागी, नेहमीसारखा, पाची बोटांनी खालपर्यंत ओढत. रंगाखाली त्याची खूण सापडली आणि तो खदखदून हसला.

साहेबानं तान्ह्याचा रंगानं भरलेला तळवा पाहिला. "हे काय?"

"धूळ आहे साहेब."

साहेबानं पेल्यातलं पाणी रुमालावर ओतलं आणि आईपुढे धरलं. "पुसा."

आईनं पुसलं. रोज सकाळी पोरीचं तोंड धुवायची तसंच, हनुवटी धरून. खूण उघडी पडली.

"फोटोत हे नाही."

"भाजलंय, साहेब," फोटोवाला म्हणाला. "परवा बॉम्ब पडला ना, तेव्हा."

ठकीनं मान वर करून बापाकडे पाहिलं.

"भाजलेलं मी रोज बघतो. हे भाजलेलं नाही." साहेबानं कागद पोरीकडे फिरवला. "ही तूच का गं?"

बापाचा हात तिच्या खांद्यावर होता. तो दाबला गेला. ठकीनं फोटो नीट पाहिला.

"नाही," ती म्हणाली. "ही बाबांनी केलीय."

पोर खरं बोलली. नऊ वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं ते या माणसानं, या टेबलावर.

साहेबानं पेन खाली ठेवलं. "कुणाची पोर उचलून आणलीत?"

"माझी आहे!" आई किंचाळली. "माझ्या पोटची आहे ती!"

"सगळ्याच म्हणतात, बाई. गेल्या महिन्यात अशी तीन पोरं धरली इथे."

चौघांना बाजूच्या खोलीत नेलं. फोटोवाल्याचे खिसे रिकामे केले. वडी निघाली, डबा निघाला, मी निघाले. मला कोऱ्या कागदावर ठेवलं, एखादा सुरा ठेवावा तशी. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला चादर ठोकलेली होती आणि पाच मिनिटांत फोटो देणारा पेटीसारखा कॅमेरा होता. ज्यांचे कागद हरवले त्यांच्यासाठी. कारकुनानं ठकीला चादरीपुढे उभं केलं. तिनं सवयीनं मान वळवली.

"सरळ बघ गं. कान नको मला, तोंड हवंय."

ती सरळ झाली. "काका, हे पुसणार का तुम्ही?"

"पुसायला वेळ असता तर जेवलो नसतो का मी?" कारकून म्हणाला, आणि फोटो काढला.

मग आईला आणि पोरांना बाहेर अंगणातल्या बाकावर बसवलं आणि दार लावलं. आत राहिले साहेब, फोटोवाला आणि मी. साहेबानं तो ओला फोटो त्याच्यापुढे ठेवला.

"नीट ऐक," म्हणाला. "मला अजून दीडशे माणसं बघायचीत. ही तुझी मुलगी असेल, तर कागदावरचा फोटो तू बिघडवलास. तो गुन्हा. हा नवा फोटो चिकटवतो. तुझी बायको आणि पोरं पलीकडे जातील, तू परतीच्या ट्रकमध्ये बसायचं. ही तुझी नसेल, तर तुझा स्वतःचा कागद चोख आहे; पोर उचलल्याचा खटला उभारायला मला वेळ नाही. तू, बायको आणि तान्हा, तिघं जा. पोरगी बेवारस पोरांच्या शेडमध्ये राहील. तिथे आहेत चारशे."

"साहेब, दोन्ही नाही का..."

"नाही."

फोटोवाल्यानं फोटो उचलला. फोटो वाईट होता. करडा, धुरकट, एक कान तुटलेला. आमच्या दुकानात असा फोटो टोपलीत गेला असता. पण गालावरची खूण पुरी आली होती, तिच्या सगळ्या वेड्यावाकड्या कडांसकट. तो बघत राहिला. मग त्याचा अंगठा आणि बोट एकमेकांजवळ आले, मला धरायचा तेव्हा यायचे तसे. अरे, आताही? साहेबालाही काहीतरी वाटलं असावं. त्यानं मला कागदासकट जरा लांब सरकवलं.

पण ते बोट माझ्याकडे आलं नाही. फोटोतल्या खुणेवर टेकलं.

"हीच," तो म्हणाला. "ही माझी मुलगी. जन्मापासून अशीच आहे."

"आणि त्या दुसऱ्या फोटोतली?"

"ती कुणीच नाही."

साहेबानं लिहून घेतलं. फोटोवाल्यानं सही केली. मग विचारलं, "हे तिला एकदा सांगू द्या. मिनिटभर."

"कशाला? चौकशी झाली," साहेब म्हणाला आणि नाक शिंकरलं.

बाहेर कारकून आईला कागद देताना म्हणाला, "चला, तुमचा माणूस येतोय मागून." सगळ्यांना तो तेच सांगायचा, रडारड झाली की रांग अडते. दाराच्या फटीतून मला दिसलं. आई तान्ह्याला घेऊन पुढे, ठकी मागे. ती सारखी वळून बघत होती. तिला एवढंच ठाऊक होतं की आपण 'नाही' म्हणालो आणि बाबा आत राहिले. मग आडवा दांडा वर गेला, ती माणसं पलीकडे गेली, दांडा खाली आला.

ट्रक भरला होता, लगेच निघाला. त्या ट्रकमधलं कुणी पुन्हा या नाक्यावर आलं नाही. आलं असतं तर मी आवाजावरून ओळखलं असतं. साहेब जेवायला गेला, तोवर जेवण गार झालं होतं. त्यावरून स्वयंपाक्याला बोलला.

मला पाकिटात घातलं. निर्मळ गालाचा तो फोटो आणि फोटोवाल्याच्या सहीचा कागदही माझ्यासोबत आहे. पाकीट लोखंडी कपाटात, आणि कपाटाला कुलूप. माझे केस झडत चाललेत. बारांपैकी सातच राहिलेत, तेही सात दिशांना सात. साहेब बदलून गेला, दुसरा आला, मग तिसरा. लढाई संपली असं बाहेर कुणीतरी म्हणालं. मग महिनाभरानं पुन्हा रांग लागलेली ऐकू आली.

बाळांनो, तुम्ही हिंडता-फिरता, तुमच्या पायांना कुलूप नाही. डाव्या गालावर शाई लवंडल्यासारखी खूण असलेली कुणी भेटली, आता पोर नसेल, बाई झाली असेल, तर घाबरू नका, टक लावून बघू नका, आणि तोंडही फिरवू नका. जवळ जा आणि तिला सांगा: तू 'नाही' म्हणालीस म्हणून तो गेला नाही. 'हीच' म्हणाला, म्हणून गेला. बंद दाराआड म्हणाला, तुझ्या खुणेवर बोट ठेवून म्हणाला.

ती विचारेल, तुम्हाला कुणी सांगितलं?

सांगा, जिनं पुसलं तिनं.